‘कर’ की ‘करा’

“‘कर’ ऐकलंत की ‘करा’?” वकीलबाईंनी पुन्हा विचारलं.

लंबू मान खाली घालून बसला होता. कोर्टाच्या आवारातल्या बाकावर दोघांच्या मध्ये केसचे कागद पसरलेले होते आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून बाईंनी त्यांच्यावर आपला डबा ठेवला होता.

“नीट आठवून सांगा. यावरच सगळं आहे.”

“चालू क... एवढं ऐकू आलं. पुढचं घुमलं.”

लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि त्यातलं बहुतेक गोट्याबरोबर. हा ताडमाड उंच, तो आखूड आणि गोल. कामावर सगळे म्हणायचे, एकाला बोलावलं की दुसरा फुकट येतो. उंच असल्यामुळे लंबू गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, आणि खालच्या अरुंद खड्ड्यात मावतो म्हणून गोट्या खाली. ही वाटणी कधी ठरली, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

त्या दिवशी इमारतीतले लोक खोळंबले होते. गोट्या लिफ्टच्या खाली उतरला होता. खालून आवाज आला. लंबूनं मेन स्विच वर केला. लिफ्ट खाली गेली.

नंतर तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांनी पोलिसांना सांगितलं की, कंटाळून आपणच ओरडलो होतो, “चालू करा की लवकर!”

“हे बघा,” वकीलबाई म्हणाल्या, “पोलिसांनी आधी सदोष मनुष्यवध लावला होता, तो आता गेला. तुम्ही जाणूनबुजून केलंत, असं आता कोणी म्हणत नाही. दुर्लक्ष केलंत आणि त्यातून माणूस गेला, एवढाच आरोप आहे.”

“एवढाच,” लंबू म्हणाला.

बाई त्याच्याकडे वळून बसल्या. मग समजुतीच्या सुरात बोलू लागल्या. सिद्ध करायची जबाबदारी सरकारची आहे, तुमची नाही. खालच्याला उलट विचारल्याशिवाय स्विच टाकायचा नाही, असा नियम कंपनीनं कधी घालून दिला नव्हता, हा एक मुद्दा. आवाज कोणाचा होता ते नक्की नाही, हा दुसरा.

“आणि तिसरा सगळ्यात भक्कम. खड्ड्यात लाल बटण असतं. उतरणाऱ्यानं आधी ते दाबायचं असतं. दाबलं असतं, तर तुम्ही वर काहीही केलं असतं तरी लिफ्ट हलली नसती. बरोबर?”

“बरोबर.”

“तुमचे मित्र ते दाबत होते का कधी?”

लंबूनं उडू पाहणारा एक कागद डब्याखाली सरकवला.

“त्यांच्या बायकोला साक्षीला बोलावलंय. मी तिलाच विचारते.”

“नाही.”

“अहो, खोटं कुठे बोलायचंय? खरंच तर आहे ना?”

“खरं आहे. पण तिला नाही विचारायचं. तो गेलाय. आता त्याची चूक त्याच्या बायकोच्या तोंडून वदवायची? त्यापेक्षा मी आत जातो.”

“आत जाणं म्हणजे काय, कल्पना आहे तुम्हाला?”

“बाहेर तरी काय आहे?”

बाहेर खरोखरच काही नव्हतं. लग्न राहूनच गेलं होतं. कंपनीनं निकाल लागेपर्यंत येऊ नकोस म्हटलं होतं. बहिणीनं फोनवर आडवळणानं सांगितलं होतं, “दादा, इकडे भाच्याचं लग्न जमतंय. थोडे दिवस येऊ नकोस. लोक काय, तिळाचा ताड करतात.” तो “बरं” म्हणाला होता.

ज्या घरी जाऊन रडता आलं असतं, ते एकच घर होतं, गोट्याचं, आणि तिथं जायला बंदी होती. साक्षीदारांशी कसलाही संपर्क ठेवायचा नाही, या अटीवर जामीन मिळाला होता. एकदा भाजी घेताना गोट्याची बायको, वहिनी, समोरून आली. तिनं हाक मारायला तोंड उघडलं, तोच लंबू पाठ फिरवून गर्दीत शिरला. हातातली पिशवी तिथंच राहिली. दोन गल्ल्या ओलांडल्यावर तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिला.

दिवसभर तो खोलीत तेच घोकत असे. कर, करा. गोट्यानं त्याला जन्मात कधी ‘करा’ म्हटलं नव्हतं. पुढचं अक्षर ऐकू आलं असतं, तर हात थांबला असता. एकदा खाली हाक मारून विचारलं असतं, तरीही थांबला असता.

साक्षीच्या दिवशी वहिनी पिंजऱ्यात उभी राहिली, तेव्हा ती किती वाळली आहे ते त्याला दिसलं. सरकारी वकील गृहस्थ होते, हळू बोलत होते.

“ताई, तुमचे पती काम अगदी काळजीपूर्वक करायचे. हो ना?”

“नाही साहेब.”

सरकारी वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं.

“म्हणजे हात चांगला होता त्यांचा. पण धसमुसळे. ते लाल बटण कधी दाबायचे नाहीत. मी घरी कितीदा भांडले त्यावरून. तर म्हणायचे, वर लंबू आहे ना, मग मला बटण कशाला?”

लंबूनं समोरचा कठडा घट्ट धरला. वकीलबाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं, मग उठून म्हणाल्या, “उलटतपासणी नाही.”

पुढच्या तारखांना आजोबांची साक्ष झाली, कंपनीच्या साहेबांची झाली. शेवटी न्यायाधीशांनी संशयाचा फायदा देऊन त्याला निर्दोष सोडलं. वकीलबाईंनी हात पुढे केला. “सुटलात!” तो त्यांच्या पाया पडायला वाकला, तशा त्या मागे सरकल्या.

कोर्टातून तो थेट वहिनीकडे गेला. दार उघडंच होतं. आत खोलीभर गाठोडी होती.

“या,” वहिनी म्हणाली. “आज सवड झाली?”

“मनाई होती.”

“कोणाची?”

“कोर्टाची. साक्षीदाराला भेटायचं नाही अशी.”

वहिनीच्या हातातली चादर अर्धी घडी होऊन राहिली. “मला कोणी सांगितलंच नाही. मी म्हटलं, तोंड फिरवलं माणसानं. तुमची ती पिशवी मी घरी आणली होती हो. वाट बघितली, बघितली, मग भाजी सुकली.”

तो उंबऱ्यातच उभा होता.

“लेकीकडे चाललेय,” ती म्हणाली. “कायमची. इथं एकटीनं काय करू?”

“कधी?”

“टेम्पो येईलच आता.”

तो चपला काढून आत आला. दोरीचं बंडल उचललं आणि गाठोडी बांधू लागला. मध्येच वहिनी म्हणाली, “घोरायचे किती हो! आता झोपच येत नाही.” लंबू म्हणाला, “कामावरसुद्धा. उभ्या उभ्या.” दोघं हसली. मग लंबूनं पुढचं गाठोडं ओढलं.

सामान चढलं. टेम्पोत पुढे बसताना वहिनीनं खोलीची किल्ली त्याच्या हातात दिली. “तेवढी घरमालकांना द्या. आणि जेवत जा वेळेवर.”

टेम्पो वळून दिसेनासा झाल्यावर तो परत आत गेला. कोपऱ्यात दोरीचे तुकडे पडले होते ते गोळा केले, खिडकी लावली, कुलूप घातलं आणि मालकांच्या दारावर टकटक केली.

मालकांनी किल्ली घेतली. त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “तुम्ही त्यांचे कोण?”

“जोडीदार होतो त्याचा,” लंबू म्हणाला. “कामातला.”