एवारिस्तोचा स्वेटर

पंचवीस मे, आमचा अर्जेंटिनाचा राष्ट्रीय दिवस. दुपारी क्लबात लोक्रोची, म्हणजे मका-मांसाच्या दाट रश्श्याची, पहिली वाढ झाली, की मी बांदोनिऑन, ती बटणांची भाता-पेटी, मांडीवर घेतो आणि इराओला न्हाव्यानं लिहिलेला टँगो वाजवतो. चाळीस वर्षं झाली. सेनापतींना चौकाचौकांत पुतळ्यांचे घोडे मिळाले, आमच्या बोएदो वस्तीतल्या पोरांना इराओलानं तीन कडवी दिली. मला विचाराल तर घोड्यांवर कबुतरं बसतात, कडवी मात्र लोक उभे राहून गातात.

गाण्यात नॉर्बेर्तो माल्विनास बेटांवरच्या लढाईत, थंडीत, आपला स्वेटर काढून मित्राला घालतो आणि गोठून मरतो. गंमत अशी, की नॉर्बेर्तो चांगला धडधाकट आहे. युद्ध संपल्यावर एका शिपायानं न्हाव्याच्या खुर्चीत बसून सांगितलं होतं, की तुमच्या वस्तीतल्या एका पोरानं असं केलं. नॉर्बेर्तोचा तेव्हा पत्ता नव्हता. इराओलानं घाईनं लिहून टाकलं. आठवड्यानं नॉर्बेर्तो दारात उभा, पण गाणं तोवर सगळ्यांच्या तोंडी बसलेलं, आणि तोंडात बसलेला टँगो आम्ही जीव गेला तरी बदलत नाही. आला नाही तो एवारिस्तो, दोन्या सुलेमाचा, म्हणजे आमच्या सुलेमाबाईंचा, एकुलता एक. ती दर वर्षी पहिल्या टेबलाशी बसून दुसऱ्याच्या पोराचं नाव जोरात गाते. मन मोठं तिचं.

"ए मयता, मीठ सरकव!" अशी नॉर्बेर्तोची चेष्टा चालते. गाणं सुरू झालं, की तो मागच्या अंगणात लोक्रो ढवळायला जातो.

यंदा गेला नाही. छातीवर झेंड्याची निळी-पांढरी फीत लावून माझ्याजवळ आला.

"मी गातो. नाव बदलून."

"डोकं फिरलंय का तुझं? बडवतील लोक."

"स्वेटर एवारिस्तोचा होता. माझ्या अंगात होता."

"आणि हे आत्ता सांगतोस?"

"लाज वाटायची रे. दोन्या सुलेमा एकोणनव्वदची झाली. न ऐकताच गेली तर?"

मी भाता उघडला.

त्याचा आवाज कसला, गंजलेली बिजागरी. गाण्यात नाव आलं आणि अख्खा क्लब सवयीनं गरजला, "नॉर्बेर्तो!" त्याचा आवाज त्यात बुडाला.

"काय रे मयता, स्वतःचं नाव विसरलास?" खाटीक रामिरो ओरडला. सगळे हसले.

नॉर्बेर्तो हसला नाही. "ते नाव माझं आहे, पण स्वेटर माझा नव्हता," एवढंच म्हणाला आणि मला पुन्हा वाजवायची खूण केली.

दुसऱ्यांदा त्यानं "एवारिस्तो" गायलं तेव्हा एकही चमचा वाजला नाही. दोन्या सुलेमा काठी टेकत उठली, त्याच्यासमोर आली. आता थोबाडीत देते, असंच मला वाटलं.

"तपकिरी होता?"

"हो. डावी बाही आखूड."

"विणताना लोकर संपली होती. ऊब लागली ना रे तुला?"

"लागली, दोन्या. फार लागली."

तिनं त्याची कॉलर लहान पोराची करावी तशी नीट केली. मग माझ्याकडे वळली. "तुम्ही काय बघत बसलात? वाजवा! मला म्हणायचंय."

मी वाजवलं. डोळ्यांपुढे बटणं दिसत नव्हती, बोटांना पाठ होती म्हणून निभावलं. नाव आलं तेव्हा आम्ही सगळे थांबलो.

ते तिनं एकटीनं गायलं.