वीस मार्चचं पाणी

“लागलं! माय, लागलं पानी!”

विहिरीच्या तळातून रहेमतुल्लाची आरोळी आली आणि काठावर बसलेली जनकाबाई अशी उठली, की पदर कुठं गेला याचंही तिला भान राहिलं नाही. ती वाकून पाहू लागली. खाली खोदकाम करणाऱ्या रहेमतुल्लानं पहार टाकून दिली होती आणि खडकाच्या फटीतून बोटाएवढी धार उसळत होती.

“खराच झरा हाये का रे?”

“अवं माय, जिवंत झरा हाये! थंडगार! हे पाय, घोटे बुडून राह्यले माह्ये!”

जनकाबाई हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. मेहकरकडच्या त्या खडकाळ तुकड्यात तिनं विहीर खणायला घेतली, तेव्हा गाव तिला हसलं होतं. “तिथं घाम निघन, पानी नाही,” असं पारावर बोललं गेलं होतं. नवरा गेल्यावर लोकांच्या शेतात निंदण-खुरपण करून तिनं एकटीनं हा ध्यास धरला होता.

तिची लेक धम्मशीला विहारातून पळतच आली. आज वीस मार्च. बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तो दिवस. विहारात निळे झेंडे लागले होते, माईक लागला होता.

“माय, आजच लागलं वं! आजच!” तिनं आईला गच्च मिठी मारली. “कार्यक्रम आता इथंच घेऊ!”

गावचा नळ कोरडा पडला होता. टँकर येईल तेव्हा खरा. दुपार ढळेपर्यंत विहिरीत कमरेइतकं पाणी चढलं आणि बांधावरून हंडे, कळशा, बादल्या येऊ लागल्या. विहाराकडच्या बाया आल्या, मोहल्ल्यातल्या आल्या, आणि शेवटी वरच्या आळीतल्याही आल्या.

त्यांच्यात अन्नपूर्णाबाई होती. दोघी एका वयाच्या. लहानपणी जनका गावविहिरीपासून दूर घागर घेऊन उभी राहायची, कुणी पाणी घालेल म्हणून. अन्नपूर्णा घालायची, पण उंचावरून, घागरीला घागर लागू न देता. निम्मं पाणी मातीत जायचं.

आज अन्नपूर्णाबाई काठापासून लांबच थांबली. कळशी खाली ठेवून वाट पाहू लागली.

जनकाबाईनं वर्षानुवर्षं मनात कितीतरी बोलणी जुळवून ठेवली होती. ऐन वेळी एकही आठवेना.

“काऊन तिथं उभी हायेस वं, अन्नपूर्णे?”

“तू ओतून देशील म्हनून...”

“मी कोनालेच ओतून देत नाही. इथं ज्याचं त्यानं काढायचं. ये, दोर धर.”

अन्नपूर्णाबाई आली. हाताला सवय उरली नव्हती. बादली निम्म्यावर येऊन सर्रकन खाली घसरली, तशी जनकाबाईनं दोराला हात घातला.

“ओढ वं, ओढ! सोडू नको!”

बादली वर आली आणि बायांनी एकच टाळ्या पिटल्या. चिखलानं माखलेला रहेमतुल्लाही बांधावरून ओरडत होता.

मग भाषणं झाली, गाणी झाली. उन्हं उतरली, माणसं भरले हंडे घेऊन पांगली. तेव्हा कुठं जनकाबाईच्या ध्यानात आलं, की आपण अजून घोटभरही प्यालो नाही. तिनं बादली सोडली, ओढली, काठावर बसून ओंजळ भरली. पाणी अजून गढूळच होतं. दातांखाली बारीक कच आली.

तिनं ती थुंकली नाही.