दोऱ्याने मोजलेले पाच तास

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. रंग उडालाय, दांडा वाकलाय, एक अख्खा महासागर शाईच्या डागाखाली गेलाय. पण माझं दुखणं ते नाही.

एका कारखान्यात कागदाच्या पट्ट्या चिकटवून मला गोल केलं आणि मी भूगोलाच्या बाईंच्या वर्गात आलो. काय थाट होता माझा तिथे! बाई दोन विमानतळांमध्ये दोरा ताणून धरायच्या, मग तो पट्टीवर ठेवायच्या. माझ्यावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे विमानाचा एक तास, हे त्यांचं प्रमाण. दोरा कुणी धरायचा यावरून मुलं भांडायची. बाई निवृत्त झाल्या, तेव्हा शाळेने मला त्यांच्याच गळ्यात मारलं. मग मी वर्षानुवर्षं कपाटावर धूळ खात पडलो. कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

यंदा बाईंनी अंथरूण धरलं. आता फार तर एखादा दिवस, असं डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं. तिने परदेशातल्या भावाला फोन केला. याआधी दोनदा तो 'येतो' म्हणाला होता आणि आला नव्हता. या वेळी मात्र खरंच निघाला, आमच्या घड्याळातल्या सकाळी सातच्या विमानाने. बाईंना एकदम हुशारी आली. त्यांनी मला खाली काढायला लावलं, पुसायला लावलं आणि दोरा ताणला. दहा सेंटिमीटर भरले.

"पाच तास. बाराला उतरेल बघ," त्या म्हणाल्या.

अहो, थेट विमान नव्हतंच! मध्ये एका विमानतळावर चार तास बसून दुसरं विमान पकडायचं होतं, तेही लांबच्या वळशाचं. आमच्या घड्याळात तो संध्याकाळी सातला उतरणार होता. मुलीला हे ठाऊक होतं. पण आईचा फुललेला चेहरा बघून तिची जीभ रेटेना.

बारा वाजले, एक वाजला. बाई दाराकडे डोळे लावून होत्या. दोन वाजता मुलीने सगळं खरं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तो निघालाच नाही. माझी समजूत घालू नकोस. मी मोजलंय."

मुलगी भावाला फोन लावत राहिली. तो तेव्हा दुसऱ्या विमानात होता, फोन बंद. पाचच्या सुमारास बाई गेल्या. तोंड भिंतीकडेच होतं.

आठला तो आला. बूट न काढताच खाटेशी बसला. त्याने बहिणीला विचारलं, "माझी वाट बघत होती ना गं?"

"हो," ती म्हणाली. "शेवटपर्यंत."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. पण मला तसं म्हणवत नाही. मला खुशाल अडगळीत टाका. फक्त खाटेवरच्या माणसाने विचारलं, किती वेळ लागेल, तर मध्ये थांबावं लागणारे तासही तेव्हाच सांगा. बाईंनी पोटच्या मुलीपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला, आणि मी त्यांना चुकीचं सांगितलं.