काट्याला टांगलेली फळी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि धान्याचे एक गोदाम मनाशी उभे करा. वर पत्र्याचे छप्पर, भिंतीला ज्वारीच्या पोत्यांची थप्पी, हवेत भुशाचा वास. मधोमध तुळईला एक मोठा लोखंडी तराजू टांगलेला आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना साखळ्यांनी बांधलेली लाकडी पारडी आहेत. आता डावीकडच्या पारड्याकडे नीट पाहा. त्यावर पोते नाही, वजन नाही. तरीही लाकडावर दोन ओल्या पावलांचे ठसे उमटलेले आहेत. पावले मुलाची आहेत, पण चांगली रुंद आहेत.

दिसली? मग भिऊ नका. ती पावले मी जपून ठेवली आहेत.

मी एक जुनी फळी आहे. ती दोन्ही पारडी म्हणजे मीच. पूर्वी मी एकसंध होते, सहा हात लांब आणि दीड हात रुंद. तेव्हा मी तराजूला नव्हते. तेव्हा मी कृष्णेच्या पाण्यावर होते.

कऱ्हाड मागे टाकून नदी सांगलीकडे निघते, त्या वाटेवर आमचे गाव आहे. गावाच्या घाटाजवळ एक म्हातारी शिवण होती. ती वादळात पडली आणि आकाराम सुतारांनी तिच्या खोडातून मला काढले. शिवणीचे लाकूड हलके असते आणि पाण्याला सहसा भीत नाही. आकारामतात्यांनी मला रंधा मारून गुळगुळीत केले, माझे पुढचे टोक नावेसारखे किंचित वर वळते केले आणि मला तीन वेळा करंजाचे तेल पाजले. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या पोटाखाली वाळलेले कडू भोपळे बांधले. आतून पोकळ, बाहेरून दगडासारखे टणक. प्रत्येक भोपळा ते बोटाच्या पेराने वाजवून बघत, मग पाण्यात दाबून धरत. एक जरी बुडबुडा आला तरी तो भोपळा बाजूला.

माझे काम वर्षातून एकदाच असे. आमच्या गावात दसऱ्याचे सोने पलीकडच्या काठावरून आणायची रीत होती. प्रत्येक आळीचे एक मूल फळीवर उभे राहून, हातातले लांब वल्हे मारत नदी ओलांडायचे, पलीकडच्या आपट्याची पाने कमरेला बांधायचे आणि उभ्यानेच परत यायचे. सोने आणणारा बसत नाही, असे म्हणत. नदीच्या मध्यावर पाण्याखाली खडक आहे. त्याच्यावर दसऱ्याच्या सुमाराला पाणी लाटा धरते. त्या जागेला सगळे खळाळ म्हणतात. तिथे फळी घोड्यासारखी उसळते, आणि जो गुडघे सैल सोडून त्या लाटेवरून फळी सरळ काढतो, त्याचे नाव पुढच्या दसऱ्यापर्यंत गावाच्या तोंडी असते.

आकारामतात्यांचा हिशेब सोपा होता. दर पंधरा किलोला एक भोपळा, आणि वर एक नदीचा. मुलाचे वजन विचारायचे, जितके भोपळे लागतील तितक्या कोळशाच्या रेघा माझ्या काठावर ओढायच्या आणि मग बांधायला बसायचे. बारा वर्षे मी असे सोने आणले. बारा वर्षांत एकही मूल माझ्यावरून पडले नाही. लोक मला हळद-कुंकू वाहत. मला अभिमान होता, हे मी लपवत नाही.

मग एक्क्याण्णव साल आले. त्या वर्षी खालच्या आळीचा मान रंगुबाईंच्या दिग्विजयला मिळाला. सगळे त्याला दिगू म्हणत. तेरा वर्षांचा, गोरा, भरलेल्या अंगाचा, सदा हसरा पोरगा. घाटावर त्याला बघून एक पोरगा म्हणाला, "दिगू, तू उतरलास की पूर येतोय बघ. आदी खालच्या गावाला सांगून ये."

"येतू की सांगून," दिगू म्हणाला. "तुज्या घरावरनंच जातू, जेवायची येळ झालीया."

घाट हसला. घाटावर बायकांचीही गर्दी होती. आकारामतात्यांनी विचारले, "रंगू, वजन किती गं लेकराचं?"

मित्रांनो, इथे तुम्हाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे अंगाने भरलेल्या लेकराचे वजन कुणी मोठ्याने सांगत नाही. सांगितले की दृष्ट लागते आणि लेकरू झडते, असा समज आहे. म्हणून आया थोडे कमी सांगतात. त्यात लबाडी नसते, माया असते. रंगुबाईंनी एकदा शेजारणींकडे बघितले, पदर सावरला आणि म्हणाल्या, "आसंल की पंचेचाळीस. दिसतूय नुसता. हाडं पोकळ हायत त्येची."

पंचेचाळीस म्हणजे तीन भोपळे. वर नदीचा एक. तात्यांनी माझ्या काठावर चार रेघा ओढल्या.

दिगू माझ्यावर चढला आणि मला कळले. माणसाला अंग दिसते, फळीला भार कळतो. ते पंचेचाळीस नव्हते. मी पाण्यात अशी कधीच बसले नव्हते. पाणी माझ्या काठाला चाटू लागले. खरे वजन त्या घाटावर दोघींनाच ठाऊक होते, एक त्याची आई आणि एक मी. आई गप्प होती. मला तोंड नव्हते.

जाताना तो नीट गेला. पाय फाकवून, गुडघे सैल, जसे तात्यांनी शिकवले होते तसे. पलीकडे त्याने पाने घेतली, कमरेला बांधली. येताना नदीच्या मध्याजवळ पाणी माझ्यावरून वाहू लागले. त्याच्या घोट्यापर्यंत आले. त्याने खाली बघितले आणि अगदी हळू, कुणालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "तात्या, पाय भिजाय लागलं."

मी ते ऐकले. अजून ऐकते.

मग खळाळ आला. माझे टोक वर उचलायला हवे होते. ते लाटेच्या पोटात शिरले. एका भोपळ्याची दोरी सुटली. दिगूला पोहता येत होते, काठावरून दोघे पोहणारे झेपावलेही होते, पण खळाळाखालचे पाणी कुणाचे ऐकत नाही. मी वर आले तेव्हा माझ्या आजूबाजूला आपट्याची पाने तरंगत होती. पुष्कळ पाने. त्यांच्याबरोबर मी काठाला लागले. मी एकटीच.

त्या वर्षी गावात कुणी कुणाला सोने दिले नाही.

मला उन्हात टाकले. मी वाळले, पण जिथे तो उभा होता तिथली ओल गेली नाही. लोक म्हणू लागले, आकारामाची गाठ सुटली. तोंडावर कुणी बोलले नाही. पण तात्यांनी ते ऐकले, आणि खरे मानले. त्यांनी रंधा माळ्यावर टाकला आणि गावच्या सोसायटीच्या गोदामात तोलार म्हणून राहिले. तोलार म्हणजे धान्य मापून देणारा माणूस. तिथल्या तराजूची पारडी कुजली होती. पाण्यात माणूस नेलेले लाकूड चुलीत घालायचे नाही, म्हणून तात्यांनी करवत घेतली आणि मला मधून कापले. मला अर्धी इकडे टांगले, अर्धी तिकडे. तेव्हापासून मी स्वतःच्याच समोर लटकत असते.

डावीकडच्या अर्ध्यावर ती पावले होती. सुक्या दिवसात ती दिसत नसत. हवा दमट झाली की उमटत. ते पारडे रिकामे असतानाही खाली जाई. मग तात्या समोरच्या पारड्याला खडा बांधून तराजू सारखा करत. त्या खड्याला पासंग म्हणतात. पावसाळ्यात पासंग मोठा लागे, उन्हाळ्यात छोटा. पण कधीच लागला नाही असे झाले नाही. काही बायका त्या पारड्यात पोते ठेवू देत नसत. रंगुबाई तर गोदामाचा उंबरा चढतच नसत. त्यांचे धान्य शेजारीण आणून घाली.

आणि तात्या? काम नसले की ते पोत्यावर बसत आणि हातभर सुतळीला गाठ मारत. ओढून बघत. सोडत. पुन्हा मारत. सात वर्षे मी ते बघत होते. मला ओरडून सांगावेसे वाटे की गाठ चांगली होती. पण पारड्याला फक्त वर-खाली होता येते.

सात वर्षांनी, अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याआधी गावाने ठरवले की रीत पुन्हा सुरू करायची. नव्या फळ्या कराव्यात, म्हणून गावाने तात्यांना पुन्हा पुन्हा विनवले. शेवटी ते हो म्हणाले. मुले गोदामात नावे सांगायला आली. तात्यांनी त्यांना समोर बसवले.

"फळी बाजारातनं आणायची चीज न्हवं," ते म्हणाले. "ती माणूस बघून करायची. हलक्या पोराला अरुंद फळी, ती बाणागत पळती. भारदस्त पोराला ती फळी द्याल तर कोलमडंल. त्येला रुंद पायजे, जाड पायजे, आनि उभं ऱ्हायाचं बरूबर मदी. ह्यात लाजायचं काय न्हाई. बैलगाडीला सायकलचं चाक कुणी बशिवतं का? हं, वजनं सांगा."

"माजं आडतीस."

"त्ये दप्तरासकट, तात्या," दुसरा म्हणाला.

"मग दप्तर घिऊन जाणार हाईस का रं नदीत?"

मुले हसली. मग एक मुलगी पुढे आली. बारा वर्षांची, भरल्या अंगाची, रुंद पावलांची. तिची पावले बघून माझ्या साखळ्या थरथरल्या. ती राणी होती, दिगूची धाकटी बहीण. तो गेला तेव्हा ती पाच वर्षांची होती. त्यानंतर रीतच थांबली होती; कुठल्याच आळीचे सोने नदीपलीकडून आले नव्हते.

"राणी, आईला इचारलंस का?"

"इचारीन."

"वजन?"

"बेचाळीस," राणी म्हणाली.

"एका पायाचं व्हय?" मागून कुणीतरी बोलले.

राणीचे कान लाल झाले. "बेचाळीसच हाय. आई तसंच सांगती."

तात्यांनी तिच्याकडे बघितले. मग माझ्याकडे. तराजू तर समोरच होता. पण धान्याच्या काट्यावर लेकरू चढवायचे नाही, हाही आमच्याकडचा समज. देवापुढे गुळाने लेकराची तुला करतात, पण पोत्यांच्या काट्यावर नाही. तात्यांची मान खाली गेली. सवयीने त्यांनी कोळसा उचलला आणि सवयीनेच माझ्या काठावर रेघा ओढल्या. "बेचाळीसाला तीन. आनि नदीचा एक. चार."

चार. तीच चार. मी डावीकडे खाली जाऊ लागले. पारडे रिकामे होते, तरी जाऊ लागले.

"चार न्हाई."

दारात रंगुबाई उभ्या होत्या. लेकीला न्यायला आल्या होत्या. उंबऱ्याबाहेरच थांबल्या होत्या.

"तात्या, चार न्हाई. सा लागत हुतं."

"कुणाला सा?"

"दिगूला." त्यांनी दाराची चौकट धरली. "बासष्ट हुतं त्येचं. बाजारच्या दिवशी कऱ्हाडात मशीनवर केलं हुतं, तवाच मला ठावं हुतं. समद्या बघत हुत्या. मी पंचेचाळीस सांगितलं. दृष्ट लागंल म्हून."

तात्यांच्या एका हातात कोळसा होता, दुसऱ्या हातात सुतळी होती. तिला गाठ मारलेली होती. त्यांनी ती गाठ अंगठ्याने दाबून बघितली.

"सात वरसं ही गाठ मारतुया मी, रंगू," ते म्हणाले. "हजार डाव मारली आसंल. एकदाबी सुटली न्हाई. मग त्याच दिशी कशी सुटली, त्येच कळंना झालं हुतं."

"मला तोंड उगडाय आलं न्हाई, तात्या. लोकांनी तुमाला नावं ठिवली, ती मी ऐकून घेतली. मला काय म्हनायचं त्ये म्हना."

"काय म्हनू? तूबी त्येच्यावरल्या मायेनंच बोललीस." त्यांनी सुतळी खाली ठेवली. "पर नदीला जाड-बारीक कळत न्हाई गं. खरं-खोटं तेवडं कळतं."

मित्रांनो, माझे सांगणे थोडेच आहे. लाकडाला वर्षातून एकदा तेल द्या, काम झाले की सावलीत वाळवा, दोऱ्या बदला. पण या सगळ्याआधी, ज्याच्यावर उभे राहायचे त्याला आपला खरा भार सांगा. फळी तो पेलायला तयार असते. खोटा भार मात्र कोणत्याच फळीला पेलता येत नाही.

आता राणीने पुढे काय केले ते ऐका.

तिने चपला काढल्या. कुणाला काही न विचारता ती तराजूजवळ आली, साखळी धरली आणि डाव्या पारड्यावर चढली. तिची पावले बरोबर त्या दोन ओल्या ठशांवर पडली. मी जमिनीला टेकले.

"आये," ती म्हणाली, "वजनं टाक."

रंगुबाईंनी उंबरा ओलांडला. सात वर्षांनी पहिल्यांदा. त्यांनी दोन्ही हातांनी वीस किलोचे लोखंडी वजन उचलले आणि माझ्या दुसऱ्या अर्ध्यावर ठेवले. मग आणखी एक वीस. मग दहा. मग पाच. मी हळूहळू जमीन सोडली. दोन किलो. एक किलो. माझे दोन्ही अर्धे समोरासमोर आले आणि थांबले.

"अठ्ठावन," राणी मोठ्याने म्हणाली. गोदामात ऐकू जाईल, बाहेर रस्त्यावरही ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने. कुणी हसले नाही.

मग ती खाली उतरली. तात्यांच्या हातातला कोळसा तिने घेतला, आणि माझ्या काठावर, त्या चार रेघांच्या शेजारी, पाचवी रेघ स्वतः ओढली.