कपडे ठेवायचा फ्रिज

मी एक फ्रिज बोलतोय. घरघर ऐकू येत नाही म्हणून कान टवकारू नका, ती बंद पडून वर्षं झाली. आता जे बोलतंय ते नुसतं पत्र्याचं खोकं आहे. घराच्या मागच्या भिंतीला मला टेकवून ठेवलंय. पाय चिखलात आणि डोक्यावर कुणाची तरी तुटकी चप्पल, असा सध्या माझा थाट आहे.

माझी सुरुवात मात्र चांगल्या घरी झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंकडे मी होतो. त्या घरातली माणसं दर थोड्या वेळानं माझं दार उघडायची, आत तेच ते पाहायची आणि काही न घेता दार लावायची. एक दिवस माझा कॉम्प्रेसर बसला. बाईंनी नवा फ्रिज आणला आणि जिने पुसणाऱ्या बाईला हाक मारली. ‘‘हा घेऊन जा गं. थोडा गॅस भरलास की मस्त चालेल.’’ नको असलेली वस्तू देताना माणसं फार आशावादी होतात.

ती जिने पुसणारी म्हणजे आमची आई. मीही तिला आईच म्हणतो, कारण त्या घरात सगळे तेच म्हणायचे, अगदी तिचा नवरासुद्धा. तो गोदामात पोती उचलायचा. पाठ गेली तेव्हापासून खाटेवरच. दोन मुली, थोरली आणि धाकटी. मेकॅनिक आला, माझ्या पाठीमागे वाकून त्यानं पाहिलं आणि म्हणाला, ‘‘वहिनी, ह्यात पैसे घालू नका. मेलाय हा.’’

आईला वाईट वाटलंच नाही. त्या दोन खोल्यांत उंदरांचं राज्य होतं आणि माझं दार घट्ट लागायचं. तिनं माझ्या पोटात घरचे सगळे कपडे रचले. खालच्या भाजीच्या कप्प्यात थोरलीची पुस्तकं, दारात बाबांच्या गोळ्या, अंड्यांच्या खळग्यांत बटणं. माझी वायर कापून इस्त्रीला जोडली. खरं सांगू? लोण्याच्या डब्यांपेक्षा हे मला जास्त आवडलं. कुणी दार उघडलं तर काहीतरी घेऊन जायचं.

थोरली शिकत होती. बाबांची कूस बदलता बदलता, त्यांच्या पाठीला पावडर लावता लावता तिनं नर्स व्हायचं ठरवलं होतं. दुसऱ्या गावच्या नर्सिंगच्या शाळेत तिची निवडही झाली. राहण्याखाण्याचा खर्च घराला झेपणारा नव्हता, पण अडलेल्या घरांतल्या मुलामुलींसाठी सरकारची एक योजना होती. सगळा खर्च सरकार करणार. फक्त आधी एक माणूस येऊन घर पाहून जाणार.

इथंच आमच्या घोड्यानं पेंड खाल्ली. आईला वाटलं, सरकारी माणूस म्हणजे पाहुणा. तिनं शेजारच्या काकूंकडून फुलांचे कप आणले, बाबांच्या खाटेवर उसनी चादर घातली, मला साबणानं चकचकीत पुसून डोक्यावर विणलेला रुमाल टाकला.

‘‘आई, राहू दे ना आहे तसं,’’ थोरली म्हणाली. ‘‘आपण मदत मागतोय. मला बघायला स्थळ नाही आलेलं.’’

‘‘गप गं. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या तो चार ठिकाणी सांगेल, कसे राहतात म्हणून.’’

साहेब आले. दमलेले, सभ्य. दोन्ही खोल्या पाहिल्या, बाबांची चौकशी केली. मग माझ्यासमोर थांबले आणि त्यांनी माझ्या मुठीवर हात ठेवला. मी आतून सांगत होतो, उघडा, एकदा उघडाच. आत बाबांच्या फाटक्या बनियनी होत्या, ठिगळाची चादर होती. सगळं घर माझ्या पोटात होतं!

आई लगबगीनं मध्ये आली. ‘‘नका उघडू साहेब. आत दूध आहे, गारवा जाईल.’’

साहेबांनी हात काढला. हसले. कागदावर काहीतरी लिहिलं आणि चहा पिऊन गेले. आई दिवसभर खूश होती. अब्रू वाचली होती ना!

मग थोरली कार्यालयातून रडत आली. ज्या घरात फ्रिज, त्या घराला मदत नाही, असा नियम होता. तो त्यांना कुणी आधी सांगितलाच नव्हता. ‘‘मी म्हटलं, बंद आहे हो तो. तर खिडकीतला माणूस म्हणतो, चालू की बंद असा रकानाच नाही. आणि म्हणे, तुमच्या आईनंच सांगितलंय, आत दूध आहे.’’

आईनं तोंडाला पदर लावला.  

एकदा फेरपाहणी मागता येत होती, ती थोरलीनं मागितली. तेवढ्यात शेजारच्या काकू सल्ला द्यायला आल्याच. उसने कप देणाऱ्याही त्याच. ‘‘अगं, फ्रिजच नडतोय ना? मग काढून टाका बाहेर. ना रहेगा बांस.’’ थोरली म्हणत होती, राहू दे, आत काय आहे ते दाखवू. पण आई घाबरली होती. तिनं माझं पोट रिकामं केलं, कपडे दोरीवर टाकले आणि काकूंच्या मदतीनं ढकलत मला मागच्या भिंतीशी आणून उभं केलं. धाकटीनं मला फडक्यानं पुसलंही, सवयीनं.

साहेब पुन्हा आले. मी खिडकीखालीच होतो, सगळं ऐकत होतो.

‘‘इथं फ्रिज होता ना?’’ भिंतीवर माझ्या आकाराचा स्वच्छ चौकोन उरला होता. बाकी भिंत काळवंडलेली.

‘‘विकला,’’ आई म्हणाली.

‘‘खोटं बोलतेय ती, घाबरलीय,’’ थोरली म्हणाली. ‘‘या, दाखवते तुम्हाला.’’ तिनं साहेबांना जवळजवळ ओढत मागे आणलं आणि माझं दार सताड उघडलं. ‘‘बघा! ह्यात आम्ही कपडे ठेवायचो. हा चालत नाही!’’

साहेबांनी आत पाहिलं. आत काही नव्हतं. लख्ख, पुसलेला, रिकामा फ्रिज.

‘‘कपडे कुठे आहेत?’’

‘‘काढले... आम्ही काढले.’’

‘‘वायर बघा ना साहेब, वायरच नाही,’’ आई हात जोडून म्हणाली.

‘‘ती काल कापली नाही कशावरून?’’ साहेब चिडून बोलले नाहीत. थकून बोलले. आधी दूध म्हणालात, मग विकला म्हणालात, आता मागे निघाला, असं त्यांनी मोजून सांगितलं. मालमत्ता लपवली, असा शेरा पडला. असा शेरा पडला की पुन्हा अर्ज करता येत नाही. धाकटीलाही नाही, कारण शेरा घरावर पडतो.

थोरलीची जागा दुसऱ्या कुणाला गेली. ती आता आईबरोबर जिने पुसते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी परवा तिला थांबवलं म्हणे. ‘‘आमचा हाही जुना झालाय गं. पुढे तुम्हालाच देईन.’’ थोरलीनं बादली उचलली आणि खाली आली. कपडे अजून दोरीवरच असतात, पुस्तकं उंदरांनी खाल्ली. मला परत आत घ्यायला कुणी धजत नाही आणि भंगारात द्यायलाही आई तयार नाही. आता खरंच विकला तर पुन्हा मालमत्ता लपवली म्हणतील, अशी तिला धास्ती.

घरं पाहत फिरणाऱ्यांनो, तुमच्यावर माझा फार राग आहे. तरी एक विनंती करतो. माझ्यासारखा कुणी भेटला तर दार उघडा. घरातली बाई आडवी आली तरी उघडा. ती आडवी आली तर नक्कीच उघडा.

धाकटी मात्र रोज माझ्याकडे येते. तिनं नवा खेळ शोधलाय. माझ्या दारावर टकटक करते, आवाज जाड करून विचारते, ‘‘आत काय आहे?’’ आणि मग आईच्या आवाजात स्वतःच उत्तर देते, ‘‘दूध आहे, साहेब.’’

आत खिडकीपाशी आई भांडी घासत असते. तेवढ्यापुरता तिचा हात थांबतो.