एका दीर्घ ईची गोष्ट

नऊशेची ती ओळ त्यानं दोघांच्या हिशेबाच्या शीटमध्ये लिहिलीच नसती. पेंटरला न सांगता हेडफोन घेतले होते ना. दोघं एकाच खोलीत राहायचे. हा फ्रिज दुरुस्त करायचा, पेंटर एका मालकाकडे पाट्या रंगवायचा. पेंटरच्या स्वतःच्या दुकानाच्या डिपॉझिटसाठी दोघं आठ महिने पै पै साठवत होते. आणि "कशाला उधळतोस?" म्हणत पेंटरचे कान उपटायला हाच कायम पुढे.

पण परवा शिल्लकीचा चौकोन हिरवा झाला होता. साठ हजारांची गरज, एकसष्ट हजार चारशे जमा. उद्या सोमवारी पेंटर मालकाला रामराम ठोकणार होता. आता नऊशेनं काय आभाळ कोसळतंय, म्हणून रविवारी दुपारी यानं मन घट्ट केलं आणि रक्कम टाकली. खर्चाच्या प्रकारात 'इ' दाबल्याबरोबर पेंटरच्या जुन्या नोंदी बघून शीटनंच 'इतर' पुढे केलं.

शिल्लक जागची हलली नाही.

त्यानं पुन्हा टाकून बघितलं. एकसष्ट हजार चारशे. मग फॉर्म्युला उघडला. सरळ बेरीज केली असती तरी भागलं असतं, पण याला खुमखुमी. व्हिडिओ बघून बघून भाडं, जेवण, बस असा एकेक प्रकार मोजून वजा करणारा हातभर फॉर्म्युला त्यानं रचला होता. त्यात शेवटी लिहिलेलं: "ईतर". दीर्घ. त्याच्याच हातचं. पेंटर आठ महिने बरोबर लिहीत होता आणि फॉर्म्युला आठ महिने त्याच्याकडे बघतच नव्हता, तो खर्च वजाच करत नव्हता.

पैसे दोन खात्यांत आणि एका डब्यात विखुरलेले, त्यामुळे शीट म्हणेल ती पूर्व दिशा.

त्यानं ई ची इ केली. एकोणचाळीस हजार एकशे पन्नास. चौकोन लाल.

मग तो पेंटरच्या ओळी वाचत बसला. बाबांचा चष्मा. ताईच्या पोरीची वह्या-पुस्तकं. ब्रश, दोन. पुन्हा ताई. उधळणं म्हणावं असं एक आईस्क्रीम होतं, आणि त्याच्यापुढे कंसात 'दोघांचं'.

हेडफोनची ओळ पुसली तर चूक नुसती स्पेलिंगची राहील, असं मनात आलं. बोट बटणावर गेलंही. बाहेर गॅलरीत पेंटर शीळ घालत ब्रश धूत होता.

"पेंटर, आत ये जरा."

"आलो, अकाउंटंटसाहेब. हात ओले आहेत, बोला."

"उद्या मालकाशी बोलू नकोस."

पेंटर दारातच थांबला. यानं सगळं सांगितलं, लॅपटॉप वळवून दाखवलं. पेंटरनं लाल आकडा बघितला, मग हेडफोनची ओळ. हात पुसले.

"ईतर," तो म्हणाला. "लेका, मी अशी पाटी रंगवली असती तर मालकानं रंगाचा डबा माझ्या डोक्यावर ओतला असता."

"हसू नकोस रे."

"हसतोय कुठे? काल ताईला फोन करून सांगितलं मी. दुकान घेतोय म्हणून." तो खाटेवर बसला. "आता किती?"

"चार, साडेचार महिने. हेडफोन परत घेतले दुकानदारानं तर थोडं कमी."

"राहू दे हेडफोन. घोरतोस तू, ते मी घालीन." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण पुन्हा तो चौकोन हिरवा झाला ना, तर मला लगेच सांगू नकोस."

"नाही सांगणार. आधी दोन्ही खाती बघीन, डबा मोजीन. आणि फॉर्म्युल्यात अक्षर लिहायच्या आधी तुला विचारीन. प्रत्येक अक्षर. शब्द देतो."