इन्स्पेक्टरची बरणी

माणूस गेलं की त्याचं सामान आवरता आवरत नाही म्हणतात. या मुलीचं आवरायला एक दुपारही पुरून उरली. कपाटाचा एक कप्पा, त्यात मोजके कपडे, आणि तेही आईच्याच जुन्या कपड्यांतून बेतलेले. पुस्तकं वाचनालयाची होती, ती परत गेली. फोनसुद्धा कुणाचा तरी वापरलेला घेतलेला. मावशी मदतीला आली होती, ती रिकाम्या कप्प्यासमोर उभी राहून बहिणीला विचारती झाली, बाकीचं कुठे ठेवलंयस? बाकीचं नव्हतंच. आपल्यामागे कचरा उरू नये म्हणून जिने जिवाचा एवढा आटापिटा केला, तिच्यामागे खरंच काही उरलं नव्हतं.

आपण या बाईला आईच म्हणू. एकुलती एक लेक गेल्यावर तिला त्या नावाने हाक मारणारं कोणी राहिलं नव्हतं. पण दुसरं काही नाव देऊन तिच्याकडून हे एवढंही काढून घ्यायला आपला जीव धजत नाही. कपडे दुरुस्त करून देणाऱ्या एका दुकानात ती कामाला होती. पँटची लांबी कमी करायची, चेन बदलायची, कुणाचं घट्ट झालेलं सैल करून द्यायचं. बाबा प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या कारखान्यात मशीनवर. आणि नेमकी यांच्याच पोटी ही आली, जिला प्लॅस्टिकचं वावडं.

इन्स्पेक्टर हे नाव बाबांनी ठेवलेलं. घरात पाऊल टाकलं की आधी कचऱ्याचा डबा उघडायची, आत डोकवायची आणि कमरेवर हात ठेवून विचारायची, हे कोणी टाकलं? बाजारात जाताना खांद्याला आईने उरल्यासुरल्या कापडातून शिवलेल्या पिशव्या आणि हातात रिकामे डबे. दुकानदार बिचारा आधी रिकामा डबा काट्यावर ठेवायचा, मग त्यात साखर ओतायचा आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे बघून डोळे फिरवायचा. साबणाची वडी बिनकागदाची. दात घासायचा ब्रश लाकडी. नवं काही घ्यायचं म्हटलं की तिचं ठरलेलं, आधी घरात शोधा, मग शेजारी मागा, मग बघू.

बाबांना तिची फिरकी घ्यायला भारी आवडायचं. पावाच्या पिशवीचं टोक किंवा बाटलीचं झाकण तिच्या नाकापुढे नाचवत म्हणायचे, "इन्स्पेक्टर, हे कुठे जातं?" आणि ती वेडी खरंच उत्तर द्यायची. हे धुवून प्लॅस्टिकमध्ये, हे धातूत, हे मातीत. कधी गंमत हाताबाहेर जायची. तुझी कॉलेजची फी या पिशव्यांनीच भरलीय, असं बाबा एकदा भर जेवणात म्हणाले, तेव्हा ती ताटावरून उठून गेली होती.

आणि तिची ती बरणी. काचेची, रुंद तोंडाची. फळांवरचे चिकट शिक्के, गोळ्यांच्या पाकिटांचे तुकडे, कपड्याच्या किमतीच्या चिठ्ठीला असते ती प्लॅस्टिकची दोरी, असलं एकेकटं द्यायला अगदीच चिमुकलं सगळं ती त्या बरणीत टाकायची. वर्षाचा कचरा एका बरणीत बसला पाहिजे, असा तिचा पण होता. वाढदिवस आला की जमिनीवर जुना टॉवेल अंथरून बरणी उपडी करायची, एकेक वस्तू उचलून स्वतःलाच झापायची, जे जिथलं तिथे वेगळं काढायची आणि बरणी घासून पुसून पुन्हा जागेवर ठेवायची. लोकांच्या मुली वाढदिवसाला केक कापतात, आमची कचरा निवडते, असं आई म्हणायची, पण शेजारी बसून बघत राहायची. बाबा मात्र येता जाता म्हणायचे, "मुरलं का गं तुझं कचऱ्याचं लोणचं?"

मग साध्या तापाचं निमित्त झालं. जवळचा दवाखाना झाला, मोठा दवाखाना झाला, आणि आठवडा संपायच्या आत सगळंच संपलं.

लोक आले. भली माणसं होती, त्यांना कोण नावं ठेवणार. घरात चूल पेटणार नाही म्हणून जेवण घेऊन आली, प्लॅस्टिकच्या डब्यांतून. कागदी कप आले, पाण्याच्या बाटल्या आल्या, चकचकीत वेष्टनातली फुलं आली. बघता बघता दाराबाहेर काळ्या पिशव्यांचा ढीग लागला. माणसं पांगल्यावर बाबा त्या ढिगापाशी फतकल मारून बसले. एक पिशवी सोडली आणि आतले उष्टे डबे एकेक करून घासायला लागले. आईने थांबवलं तर म्हणाले, "अगं, पोरीने जन्मात केला नसेल एवढा कचरा आपण तिच्या नावाने केला." आणि हातातला खरकटा डबा छातीशी धरून ढसाढसा रडले.

त्या दिवसापासून बाबा पार पालटले. दिवसभर कारखान्यात पिशव्या काढायच्या आणि संध्याकाळी घरातली एकुलती एक पिशवी धुवून दोरीवर वाळत घालायची, असा त्यांचा दिनक्रम झाला. डबे घेऊन दुकानात जायला लागले. दुकानदार आता डोळे फिरवत नव्हता, मान खाली घालून काट्यावर डबा ठेवायचा. घरात कागदाचा खोका वेगळा, धातूचा वेगळा, काचेचा वेगळा. आणि हातात काही धरून आईपुढे उभे राहायचे, "हे कुठे जातं गं?" आता त्यात चेष्टा नव्हती. खरंच विचारायचे, आणि उत्तर मिळेपर्यंत हलायचे नाहीत.

आईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती होती तेव्हा टर उडवली, आणि आता हे भक्त झाले. असं तोंडापर्यंत यायचं, पण गिळायची. एका सकाळी तिने बघितलं, बाबा पकडीने लेकीच्या ब्रशचे केस उपटत होते. केस एका कागदात आणि लाकडी दांडी मोडून खताच्या कुंडीत. तिचा लाकडी कंगवाही त्याच वाटेने गेलेला, त्यात अडकलेल्या केसांसकट. आईने ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. लेकीनेच शिकवलेलं होतं, चूक तरी कशी काढणार? कुंडीतली माती ती बराच वेळ बोटाने उकरत बसली. माती सगळी सारखीच दिसत होती.

फोटो होते की. बाबांच्या फोनमध्ये पुष्कळ होते. पण गालावरून बोट फिरवायला जावं तर काच लागते, त्याला काय करणार.

म्हणून बरणी. पिठाच्या डब्यामागे ती आईला सापडली, अर्ध्याच्या वर भरलेली, आणि त्या बाईला हर्ष झाला असं म्हटलं तर लोक वेड्यात काढतील, पण झाला. तिने ती शिलाई मशीनच्या खालच्या खणात चिंध्यांच्या आत दडवली. बाबा कामावर असले की काढायची. झाकण उघडलं की आधी वास, कागदाचा, औषधाचा आणि आणखी कसला तरी. मग एकेक वस्तू. हा शिक्का त्या आंबट सफरचंदांचा, ज्यांना दोघी नावं ठेवत ठेवत खात बसल्या होत्या. हे चॉकलेटचं वेष्टन, नव्या नोकरीत कुणीतरी बळेच दिलं म्हणून तणतणत आली होती. सगळ्यात वर तापाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा कापलेला तुकडा, तो तिने अंगात ताप असताना उठून स्वतः टाकलेला. आणि तळाशी जखमेची एक चिकटपट्टी. आईच्या कात्रीने बोट कापलं होतं तेव्हाची, मधोमध तपकिरी डाग पडलेली. लेकीच्या रक्ताचा म्हणून जगात उरलेला तेवढाच एक डाग. आई ती पट्टी तळहातावर घेऊन बसायची आणि मग पुन्हा जशीच्या तशी तळाशी ठेवायची.

बाबांना तिने सांगितलं नाही. ज्याने लोणचं म्हटलं त्याला कशाला दाखवायचं? सगळ्या घरात तिच्या रीतीभाती त्यांनी बळकावल्या होत्या, ही एक वस्तू तरी आपली असावी. आता आपण म्हणू शकतो की चुकलं तिचं. तेव्हा तिला तो आपला हक्क वाटत होता.

वाढदिवस उजाडला. दोघांनीही त्याचं नाव काढलं नाही. बाबांनी सुट्टी टाकली होती, पण का ते आईने विचारलं नाही. घरात बसवेना म्हणून ती दुकानात गेली. एका शाळकरी पोरीचा झगा सैल करायला आला होता, त्याची शिवण उसवता उसवता तिच्या मनात एकच चाललं होतं. घरी जायचं, बाबांना काहीतरी आणायला बाहेर पाठवायचं आणि टॉवेल अंथरून बरणी उपडी करायची. लेक झापायची तसं आज आपणच एकेका वस्तूला झापायचं. झगा अर्धा टाकून ती लवकर निघाली.

दारातच बाबा उभे होते. चेहरा धुतलेला, डोळे सुजलेले, पण कितीतरी महिन्यांनी त्यात जरा जीव आल्यासारखा वाटत होता. मेजावर बरणी होती. लख्ख घासलेली, आरपार दिसणारी, आणि आत काठोकाठ मनुका. आईला मनुका आवडतात हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

मग ते सांगत सुटले. सकाळपासून बरणी शोधत होते. आज ती रिकामी व्हायची ना, इन्स्पेक्टर नाही तर कोण करणार? तुला बघवत नसेल म्हणून खणात ढकलली असशील, हे मी समजून घेतलं, म्हणाले. टॉवेल अंथरला. चुकू नये म्हणून एकेक वस्तू चष्मा लावून बघितली. शिक्के कोमट पाण्यात भिजवून सोडवले, ते कागदात. पाकिटांची चांदी वेगळी सोलून ती धातूत, उरलेलं प्लॅस्टिकमध्ये. सगळं धुतलं, वाळवलं, आणि दुपारी कचऱ्याची गाडी आली तेव्हा ज्याच्या त्याच्या पिशवीत स्वतः नेऊन दिलं. एक तुकडा इकडचा तिकडे झाला नाही.

 आई एवढंच म्हणाली, "आणि पट्टी?"

"ती कशातच बसेना," बाबा म्हणाले. "रक्त लागलेलं होतं ना. मग तिने सांगितलं होतं तसं कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळी दिली." आणि बोलता बोलता त्यांनी आईकडे नीट बघितलं, तेव्हा त्यांचा आवाज विरत विरत बंद झाला. काय केलं ते त्यांना अजून कळलं नव्हतं, पण काहीतरी भयंकर केलंय एवढं कळलं.

सुक्या कचऱ्याची शेड गावाच्या टोकाला होती. दोघं धावतपळत पोचली तेव्हा काम आवरत आलं होतं. हातमोजे घातलेल्या एका बाईने त्यांचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. आई काय शोधतेय हे तिला नीट उमजलं नाही, पण चेहरा बघून तिने फाटे फोडले नाहीत. कागद दाबून त्याचे गठ्ठे बांधून झाले होते, पुरुषभर उंचीचे, बघायचे तर बघा म्हणाली. चांदी आणि प्लॅस्टिक दुपारच्याच ट्रकमधून गेलं. लाल खुणेची पुडी आल्याआल्या भट्टीत जाते, ती ठेवून घेत नाहीत.

आई गठ्ठ्याजवळ गेली. कडेला दाबलेल्या कागदांच्या थरांत बोटं घालायला बघितलं, नखही शिरेना.

ती बाई बाबांना म्हणाली, "धुवून, वाळवून दिलं ते तुमचंच ना? असं देणारी माणसं फार थोडी. म्हणून तर लगेच पुढे गेलं ते. सगळं एका पिशवीत कोंबून दिलं असतंत तर तुमची पिशवी अजून तिथे पडलेली असती. मिसळलेला माल आम्ही उद्या उघडतो." आणि तिने कोपऱ्याकडे हात केला. तिथे गाठी मारलेल्या पिशव्या पडल्या होत्या, लोकांच्या, कशाचीही फिकीर न करता दिलेल्या, जशाच्या तशा.

बाबा त्या पिशव्यांकडे बघत राहिले. आईने दंडाला धरून वळवलं तेव्हा कुठे निघाले. परतीच्या वाटेवर अर्धा रस्ता झाला. मग बाबा थांबले. "मला सांगायचं होतंस. एकदा तरी."

"तुम्ही लोणचं म्हणाला होतात," आई म्हणाली.

ती हे बोलली आणि तिलाच वाटलं की कुणीतरी जीभ हासडावी. पण बोललेलं परत घेता येत नाही, आणि तिच्यात ते सावरायचं त्राणही नव्हतं. बाबा कुणाच्या तरी कुंपणाला धरून उभे होते. येणारे जाणारे बघत होते. ती त्यांच्यासाठी थांबली, पण जवळ गेली नाही.

घरी आल्यावर तिने बरणीचं झाकण काढलं आणि नाक आत खुपसलं. मनुकांचा वास होता, त्याखाली साबणाचा. बाबा घासायला बसले म्हणजे कसर ठेवत नसत. तिने झाकण लावून बरणी होती तिथेच ठेवली आणि खुर्चीवर बसून राहिली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, पण भुकेची आठवणही नव्हती.

बऱ्याच वेळाने बाबा स्वयंपाकघरातून आले. एका हातात बशी, बशीत सफरचंद, धुवून पुसलेलं. दुसऱ्या हाताच्या बोटावर त्या सफरचंदाचा शिक्का चिकटला होता. त्यांनी बशी तिच्यापुढे ठेवली. बोट तसंच वर धरून एकदा खोक्यांकडे बघितलं, एकदा बरणीकडे. बरणी भरलेली होती.

"हे कुठे जातं?" त्यांनी विचारलं.

आईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. "टाका कुठेही," ती म्हणाली.

बाबा बोट तसंच धरून उभे राहिले.